शेहेचाळीस मीटर पृथ्वी

फलटणहून निघालो तेव्हा माझ्या एका खांद्यावर कपड्यांची पिशवी होती आणि दुसऱ्या खांद्यावर पृथ्वी. पृथ्वी सुताची होती, बोटाएवढी जाड आणि बरोबर शेहेचाळीस मीटर लांब. एक मीटर म्हणजे दहा कोटी वर्षं, असा हिशेब. पृथ्वीचं वय साधारण चारशे साठ कोटी वर्षं, म्हणून शेहेचाळीस मीटर. निवृत्तीनंतर लोक बागकाम करतात किंवा सुनेला सल्ले देतात. मी पावसाळाभर ओसरीत बसून टेपने मोजत त्या दोरीवर रंगीत लोकरीच्या खुणा बांधल्या. पहिला जीव जिथे आला तिथे हिरवी खूण, कोळशाच्या जंगलांची काळी, डायनासोर आले तिथे पिवळी, गेले तिथे लाल. माणूस मात्र अगदी टोकाला शेवटच्या तीन मिलिमीटरमध्येच येतो. तेवढ्या जागेत लोकर बांधता येईना, म्हणून तिथे सौ.ची नेलपॉलिश लावली.

“एवढ्याशा माणसासाठी माझी बाटली अर्धी केलीत,” सौ. म्हणाली.

हा खटाटोप कशासाठी, ते सांगतो. मी बत्तीस वर्षं हायस्कुलात भूगोल शिकवला. पृथ्वीच्या जन्मापासून माणसापर्यंतचा धडा हा माझा जीव की प्राण, आणि तो मला एकदाही पूर्ण शिकवता आला नाही. एकतर तो पुस्तकात शेवटी, त्यात परीक्षेला नाही. वर्षाच्या अखेरीस मोठ्या मिनतवारीने एक तास मिळायचा. मी खडूने फळ्यावर रेघ ओढत तापलेल्या गोळ्यापासून सुरुवात करायचो, रंगात यायचो आणि माशांपर्यंत पोचलो की आमचे शिपाई बबनराव टोल द्यायचे. एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही. टोल वर्गाबाहेरच टांगलेला आणि बबनराव दारापाशीच हातोडी घेऊन उभे असायचे, त्यामुळे टोल थेट माझ्या कानात वाजायचा. माझ्या हातून शिकून गेलेल्या कैक पिढ्यांचा समज असा असणार, की सृष्टी माशांपाशी संपली. बबनरावांवर माझा बत्तीस वर्षांचा राग आहे आणि तो मी मनापासून जोपासलेला आहे.

मागे एका शिक्षक-प्रशिक्षणात मी हाच धडा सुरू केला होता. तिथे टोल नव्हता, पण जेवणाची वेळ झाली आणि माशांपाशीच लोक पांगले. फक्त एक बाई मागे थांबल्या. त्या मेश्राम मॅडम, सिरोंचाच्या अलीकडच्या एका खेड्यातल्या शाळेच्या मुख्याध्यापिका. “सर, आमच्याकडे या,” त्या म्हणाल्या. “आमच्या भागात दगड झालेली झाडं पडलेली आहेत, डायनासोरची हाडं निघालेली आहेत. आमच्या पोरांना पूर्ण धडा सांगा. अगदी शेवटपर्यंत.” शेवटपर्यंत हा शब्द ऐकून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडल्यावर मी निघालो.

नागपूरला रेल्वे सोडून एसटी धरली आणि मुद्दाम भद्रावतीला उतरलो. इथल्या मातीखाली दगडी कोळसा आहे आणि माझ्या दोरीवरची काळी खूण याच कोळशाची. खाणीच्या फाटकातून आत सोडत नाहीत, ते योग्यच आहे. मी दुरूनच राखाडी ढिगारे पाहिले, काळ्या धुळीने माखलेले ट्रक पाहिले, आणि कॉलनीच्या रस्त्यावर गजूभाऊंच्या टपरीवर तर्री-पोह्यांना बसलो. तर्रीचा पहिला घास गेला आणि पृथ्वी तापलेला गोळा असताना कशी होती ते मला नीट कळलं. पाण्यासाठी खाली वाकलो, तर बाकाच्या पायाखाली एक सपाट दगड दिसला. त्यावर जिभेच्या आकाराचं एक पान उमटलं होतं. मधली शीर आणि तिला फुटलेल्या बारीक शिरा, सगळं कालच गळून पडल्यासारखं.

मी पोहे ठेवून जमिनीवर पालथा झालो.

“काय हरवलं, भाऊ?” गजूभाऊंनी विचारलं.

“हे पान! अहो, हे अठ्ठावीस कोटी वर्षांपूर्वीचं आहे. या झाडांचाच तुमचा कोळसा झाला.”

“पान होय का ते? मले वाटलं कंपनीचा छाप आहे. ढिगाऱ्यावरून आणला होता. बाक हालून राह्यला होता न, म्हणून घातला.”

मी दोरी उलगडली, टोकापासून मागे दोन मीटर ऐंशी सेंटिमीटर मोजले आणि काळी खूण त्यांना दाखवली. टपरीवरचे चौघं-पाचजण गोळा झाले. त्यांनी दोरी बोटांनी चाचपली, ओढून पाहिली आणि माल चांगला आहे यावर त्यांचं एकमत झालं. मी म्हटलं, “हा दगड जपा, गजूभाऊ. असा पायदळी ठेवू नका.”

“ठेवतो न जपून. पन आत्ता काढू नका, भाऊ. तिकडून तिघं बसले आहेत.”

तिघं बसले होते हे खरं होतं. अठ्ठावीस कोटी वर्षांचा आधार त्यांच्या खालून काढणं मलाही बरं वाटेना. मी उरलेले पोहे उभ्यानेच खाल्ले.

चंद्रपूरच्या स्थानकावर उतरलो, की बाहेरून आलेला माणूस वाघ बघायला आला आहे असं सगळे धरूनच चालतात. माझ्या खांद्यावर दोरी पाहून त्यांचा जरा गोंधळ उडत होता. मूल गावाकडे जाणाऱ्या गाडीचे कंडक्टर तिकीट देता देता म्हणाले, “वाघ पाह्याले चालले का, भाऊ? बांधून नेता काय त्याले?”

“नाही हो. मी डायनासोरच्या गावाला चाललोय.”

“ते तं बंद झाले न,” कंडक्टर म्हणाले. एखादी फेरी बंद झाल्याचं सांगावं तितक्या सहज त्यांनी ते सांगितलं आणि घंटीची दोरी ओढून पुढे गेले.

मूलला उतरून चामोर्शीची गाडी धरायची होती. पण रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दाट सागाचं जंगल, खिडकीतून येणारी गार हवा आणि पोटात तर्री, यामुळे मला जी झोप लागली ती थेट सिंदेवाहीला मोडली. मूल कधीच मागे पडलं होतं. माझ्या दोरीच्या मापाने ही चूक मोजण्याइतकीही नव्हती, पण परतीच्या गाडीला दीड तास होता.

सिंदेवाहीला धानाचं संशोधन केंद्र आहे. स्थानकाच्या बाकावर माझ्या शेजारी एक म्हातारे शेतकरी मांडीवर कापडी पिशवी घेऊन बसले होते. पिशवीत त्यांनी केंद्रातल्या साहेबांना दाखवायला आणलेलं घरचं धान होतं. मूठभर दाणे माझ्या तळहातावर ओतून म्हणाले, “पाहा, भाऊ. लय जुनं बियानं आहे हे. माह्या आजाच्याही पयलेचं.”

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण जुनं हा शब्द कानावर पडला, की माझ्यातला मास्तर जागा होतो. मी दोरीचं टोक काढून नेलपॉलिश दाखवली आणि समजावलं, की एवढा ठिपका म्हणजे अख्खी माणूसजात, आणि माणसाने धान पेरायला सुरुवात केली ती तर या ठिपक्याच्याही अगदी काठाला. दिसणारसुद्धा नाही इतकी अलीकडे.

त्यांनी ठिपका पाहिला, मग अख्खं वेटोळं पाहिलं. “म्हंजे येवढ्या मोठ्या दोरीत आमचं धान दिसतच नाई?”

“नाही.”

“मंग दोरी कोन्या कामाची?” असं म्हणून त्यांनी माझ्या तळहातावरचे दाणे एकेक वेचून परत पिशवीत टाकले.  मला वाईट वाटलं. नंतर सुचलं, की धान खाल्ल्याशिवाय ही दोरी मोजायला कोण उरलं असतं, असं म्हणायला हवं होतं. मला योग्य उत्तर नेहमी पुढच्या थांब्यावर सुचतं.

वैनगंगेवरचा पूल ओलांडून चामोर्शीला पोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. आठवडी बाजार उठत होता. मेश्राम मॅडमनी माझी मुक्कामाची सोय त्यांच्या आईकडे केली होती. शेवंताबाई सत्तरीच्या, बारीक, ताठ कण्याच्या. घर गावाच्या कडेला आणि मागे लगेच त्यांच्या धानाच्या बांध्या (बांध घातलेले शेताचे तुकडे). कापणी उरकली होती, भारे बांधून होत होते आणि खळ्याशेजारी पुंजणं (भाऱ्यांची रचलेली गंजी) उभं राहत होतं. बाई स्वतः भारे बांधत होत्या. दोरीचा फास, गुडघ्याचा एक दाब, एक हिसका, की भारा तयार. मी पाच मिनिटं नुसता पाहत उभा राहिलो. माझ्याकडे त्यांनी नंतर पाहिलं, खांद्यावरच्या दोरीकडे आधी.

“दोरी चांगली हाय,” त्या म्हणाल्या. “बैल कुठी हाय?”

जेवणात नव्या तांदळाचा भात, लाखोळीची डाळ, वांग्याची भाजी आणि जवसाची चटणी होती. ओसरीत बुद्धाच्या तसबिरीखाली पाट मांडला होता. मी बाईंना दोरीबद्दल सांगायला लागलो, तर त्या म्हणाल्या, “पोरगी सांगत होती. पयले जेवा.” जेवून मला लगेच झोप आली. पृथ्वी मी ओसरीतल्या खुंटीला टांगली.

सकाळी आंघोळ करून आलो, तो दोरीच्या टोकाला माझ्या मुठीएवढी गाठ. दुहेरी पिळाची, घट्ट, देखणी. नेलपॉलिशचा पत्ता नव्हता.

“बाई, हे काय?”

“टोक उसवून राह्यलं होतं. आमच्या इथी दोरी अशी मोकळ्या टोकाची ठेवत नाई. एकदा उसवाले लागली, की भाराही सुटते अन् दोरीही जाते. खराब झालं तेवढं कापलं अन् गाठ मारून देली.”

“कापलं? अहो, तिथे माणूस होता!”

शेवंताबाईंनी आजूबाजूला पाहिलं. “कोनता मानूस?”

“सगळे! तुम्ही, मी, आजवरची अख्खी माणूसजात. तो लाल ठिपका!”

“तो होय? मले वाटलं गुराचं रक्त लागलं.” त्यांनी चुलीकडे बोट दाखवलं. “चुलीत टाकला बापा मी.”

मी दोरी खुंटीवरून उतरवली. गाठ सोडवायला नखं लावली, पण शेवंताबाईंची गाठ सुटण्यासाठी मारलेली नसते. टेप काढून मोजलं. गाठीत जवळजवळ सहासष्ट सेंटिमीटर दोरी गेली होती. म्हणजे डायनासोर मेल्यापासून पुढचं सगळं त्या मुठीएवढ्या गाठीत गुंडाळलं गेलं होतं आणि माणूस तेवढा चुलीत. डायनासोरच्या अंताची लाल लोकर गाठीच्या तोंडाशी अडकून जेमतेम दिसत होती. पावसाळाभराची मेहनत! मी आवाज चढवून बोललो असेन, कारण शेजारच्या दोन बाया कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या.

शेवंताबाईंनी माझं सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाल्या, “येवढासा होता तं दिसन कसा, भाऊ? अन् मानूस गेला तं गेला. बाकीचं तं पक्कं झालं न आता. सुटत नाई.”

 मी चहा प्यायलो, ओरडल्याबद्दल त्यांची माफी मागितली आणि निघालो. त्यांनी वाटेसाठी भाकरी आणि चटणी बांधून दिली. त्या पुरचुंडीलाही गाठ होती आणि ती मला दुपारी दातांनी सोडवावी लागली.

आलापल्लीपर्यंत एसटी आणि पुढे काळी-पिवळी जीप. दोन्ही बाजूंना जंगलच जंगल. सागाची पानं वाळून तांबूस झाली होती. वळणावळणाला ओढे आणि मैलन् मैल एकही घर नाही. पाट्या पुढे पुढे तेलुगू आणि मराठी अशा दोन्ही लिप्यांत दिसू लागल्या. जीपमध्ये आम्ही चौदाजण होतो, एक बोकड धरून. एका ठिकाणी पुलाचं काम चाललं होतं म्हणून रस्ता नाल्यातून वळवला होता. नाल्यात पाणी घोट्याएवढं, पण वाळू मऊ. मधोमध जाऊन जीपचं मागचं चाक रुतलं. आम्ही उतरलो, ढकललं, दगड घातले. चाक आणखी खाली गेलं. मग ड्रायव्हरची नजर हळूहळू माझ्या खांद्यावर स्थिरावली. त्याच्या मागोमाग बाकी सगळ्यांचीही. मला वाटतं, बोकडाचीसुद्धा.

“सर, दोरी द्या न.”

“ही दोरी नाही. ही कालरेषा आहे. पृथ्वीचा इतिहास आहे हा.”

“जे बी असन, मजबूत आहे का?”

कुणी तोंडचा घास हिसकावून घेत असावं तसा मी वेटोळ्याला धरून उभा राहिलो. पण ऊन चढत होतं, एका बाईच्या कडेवर बाळ होतं आणि शाळेत मी वेळेवर पोचायचं तर जीपही निघायलाच हवी होती. दिली. तिचे चार पदर करून पुढच्या हुकाला बांधले. एका म्हाताऱ्याने आधी वाळूला हात लावून जोहार केला, मग आम्ही बाराजण जिवाच्या आकांताने ओढायला लागलो. माझ्या हातात मासे आले होते, पुढच्याच्या हातात नुसतं शेवाळ. तिसऱ्या हिसक्याला जीप सुटली आणि आम्ही सगळे पाण्यात बसलो. पलीकडच्या काठावर मी ओली दोरी मोजली. ती सत्तेचाळीस मीटर भरली, वर वीतभर. गाठीत गेलेलं धरलं नव्हतं. पृथ्वीचं वय एका नाल्यात दहा कोटींहून जास्त वाढलं होतं. गाठ मात्र भिजून आणखी आवळली होती.

मेश्राम मॅडम शाळेच्या फाटकातच उभ्या होत्या. मी चिखलाने बरबटलेलो, दोरी त्याहून. मी त्यांना घडलेलं सगळं सांगितलं, फक्त त्यांच्या आईवर ओरडल्याचं वगळून. “आईने ते फोनवर सांगितलं,” त्या म्हणाल्या आणि हसत सुटल्या. मग मला त्यांनी मागच्या माळावर नेलं. तिथे उघड्या रानात एक खोड आडवं पडलं होतं. साल दिसत होती, गाठी दिसत होत्या, मी हात लावला तो मात्र थंड दगडाला. डायनासोरच्या काळातलं झाड. त्याच्यावर शेजारच्या घरातल्या मिरच्या वाळत घातल्या होत्या. मी जन्मभर हे फक्त पुस्तकात पाहिलं होतं. थोड्या मिरच्या सरकवून मी त्या खोडावर बसलो.

धडा दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वाअकराला सुरू झाला. मैदान दोरीला पुरत नव्हतं, म्हणून फाटकापासून निघून निंबाला वळसा घालून दोरी स्वयंपाकाच्या खोलीच्या दारापर्यंत गेली. मीटरामीटरावर एकेक मूल. मुलं संपली तरी थोडी दोरी उरली. दारात राजक्का उभ्या होत्या. शाळेची खिचडी त्या शिजवतात. तेलुगू माहेरच्या, हातात पळी, कपाळावर मोठं कुंकू. “बाई, जरा हे टोक धरा,” मी म्हटलं आणि ती गाठ त्यांच्या हातात दिली. “घट्ट धरा. टोक सुटलं, तर मागचं सगळं ढिलं पडेल. मी सांगेपर्यंत सोडायचं नाही.”

“नाई सोडत, सारू,” राजक्का म्हणाल्या, पळी बाजूला ठेवली आणि दोन्ही हातांनी गाठ धरली.

मी मॅडमना विचारून घेतलं होतं. इथे बाराला जेवणाची घंटा होते. व्हरांड्यात लोखंडी रुळाचा तुकडा टांगलेला दिसत होता.  पंचेचाळीस मिनिटं. मी फाटकापासून सुरुवात केली. तापलेला गोळा, उकळता दगड, मग वाफ, मग पाऊस, मग समुद्र. दहाव्या मीटरच्या आसपास पहिला जीव आला, तेव्हा तिथला पोरगा फुशारला. पण त्याच्या पुढच्यांची फार निराशा झाली. कारण पुढे किती तरी मीटर नुसतं शेवाळ आणि डोळ्यांना न दिसणारे जीव.

“सर, माह्याजवळ काय आहे?”

“शेवाळ.”

“अन् माह्याजवळ?”

“तेच.”

“इकडं काहीच होऊन नाई राह्यलं, सर,” सव्विसाव्या मीटरवरून एक मुलगी वैतागून ओरडली. मी तिला म्हटलं, “बाळ, तूच तर हवा तयार करते आहेस. या शेवाळाने प्राणवायू सोडला म्हणून पुढचे सगळे श्वास घेताहेत.” तिने पुढच्या सगळ्या रांगेकडे असं काही पाहिलं, की त्यांनी तिचे आभार मानावेत.

चाळीस मीटर ओलांडल्यावर गर्दी झाली. शंख, शिंपले आणि मासे. माशांपाशी माझी जीभ आपोआप अडखळली. बत्तीस वर्षांची सवय. मी मान वळवून व्हरांड्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. बाराला दोन मिनिटं होती. मी भरभर बोलायला लागलो. झाडं जमिनीवर आली, बेडूक आले, कोळसा झाला, गजूभाऊंचं पान आलं. वाक्यांचे शेवट गिळून मी धावत होतो. मॅडम म्हणाल्या, “सर, हळू.” बारा वाजून गेले. टोल पडला नाही. डायनासोर आले, मागच्या माळावरचं झाड वाढलं, पडलं, मातीत गेलं. बारा-दहा. टोल नाही. माझा कानांवर विश्वास बसेना. मी राजक्कांपाशी पोचलो.

“ही लाल लोकर दिसते का? इथे डायनासोर संपले. आणि या गाठीत,” मी म्हणालो, “हत्ती आहेत, घोडे आहेत, गवत, वाघ, गाई आणि तुमच्या आजीचं धान. सगळं या गाठीत आहे.”

“अन् मानसं?” राजक्कांनी विचारलं.

“माणसं गाठीच्या पुढे होती. तांदळाच्या दाण्याहून लहान. ती चामोर्शीला चुलीत गेली.”

मुलं खदखदून हसली. मॅडम सगळ्यांत जास्त. मी हसायला गेलो आणि माझ्या लक्षात आलं, की पुढे बोलायला काही उरलेलं नाही. धडा संपला होता. आयुष्यात पहिल्यांदा. काय करायचं मला कळेना. मी चष्मा पुसला, पुन्हा घातला, पुन्हा पुसला. तेवढ्यात करपल्याचा वास आला.

“आज घंटा का नाही झाली?” मी मॅडमना विचारलं.

मॅडमनी राजक्कांकडे पाहिलं. घंटा राजक्काच वाजवतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. त्या अजून दोन्ही हातांनी गाठ धरून उभ्या होत्या. बोटं पांढरी पडली होती.

“वाजवू कशी, सारू? तुम्ही म्हणले, सोडू नका. खिचडीचा वास मले कवाचा आला. पन सोडलं असतं तं पोराईच्या हातातलं सारं ढिलं पडलं असतं न?” मग म्हणाल्या, “अन् पुढं काय झालं तेबी पाह्यजे होतं. इतके वर्षं इथी आहो, शिकवनं खिडकीतून ऐकतो. मंग बेलचा टाइम होते अन् उरलेलं राहून जाते.”

मी म्हटलं, “आता सोडा, बाई.” त्यांनी सोडलं आणि पहिल्यांदा चुलीकडे नाही, तर घंटेकडे धावल्या. खिचडी तळाला चांगलीच लागली होती. मुलांनी खाता खाता तक्रारी केल्या, मी मुकाट्याने दोनदा वाढून घेतली.

परतीच्या प्रवासात मी दोरी मांडीवर घेऊन बसलो. मूलला जागा होतो. सगळ्यांनी बैल विचारला, मी सगळ्यांना हसून उत्तरं दिली. पण राजक्कांचं ते बोलणं काही डोक्यातून जात नव्हतं. उरलेलं राहून जाते. बत्तीस वर्षं मी धडा अर्धा राहिल्याचं दुःख करत होतो, ते सगळं माझ्या बाजूचं होतं. बबनराव हातोडी घेऊन दारापाशी उभे असायचे. मी त्यांच्याकडे फक्त घड्याळाचा काटा पाहावा तसं पाहिलं.

फलटणला उतरल्यावर घरी न जाता मी आधी बबनरावांकडे गेलो. ते अंगणात लसूण सोलत बसले होते. खांद्यावरची दोरी पाहून उठले, पाटी सरकवून मला जागा केली. मी त्यांना म्हटलं, बबनराव, मी पृथ्वीचा धडा पुरा करून आलो. तुम्हाला ऐकायचा आहे का? आणि दोरीचं गाठीचं टोक त्यांच्या हातात दिलं. दुसरं टोक फाटकाला बांधायला मी निघालो, कारण सुरुवात तिथून होते.

“तिकडं कशापायी जाताय, सर?” बबनराव मागून म्हणाले. त्यांनी गाठ गुडघ्यांत धरली होती आणि लसणाचे हात धोतराला पुसत होते. “माशांपत्तूर समदं ऐकलंय की मी. बत्तीस डाव. त्याच्या फुडचं सांगा.”